रीतीचं पुरे

परतवाड्यात रंजनाताई बोंड्यांच्या घरून उपाशी परतलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. मीटर तपासायला आलेला माणूस दोन पाटवड्या खाऊन जायचा. पत्ता विचारायला थांबलेला वाटसरू पाणी मागायचा आणि ताक, त्यावर चिवडा, चिवड्यावर पुन्हा ताक असं सगळं पोटात घालून, पत्ता न विचारताच निघून जायचा.

'पुरे' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे, असं मात्र नाही. सगळेच उच्चारायचे. पण वऱ्हाडात पहिलं 'पुरे' रीतीचं असतं. पाहुण्यानं ते म्हणायचं असतं, कारण न म्हणणं हावरटपणाचं दिसतं; आणि यजमानानं ते ऐकायचं नसतं, कारण ऐकणं कंजुषीचं दिसतं. दुसरं 'पुरे' पहिल्याचा मान राखण्यापुरतं. मग पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो. इतर घरी इथे वाढप थांबतं. रंजनाताई बोटांच्या फटीतून वाढायच्या.

या घरी आणखी एक जीव असाच पोसला जात होता. ती त्यांची गाडी. रंग नारिंगी, म्हणून अख्खा गाव तिला 'संत्री' म्हणायचा.

ही गोष्ट दोन हजार सत्तेचाळीस सालची. रस्त्यावर बॅटरीच्या गाड्या न बोलता सरकत होत्या आणि गावात पेट्रोलचा एकच पंप उरला होता, तोही मालकाची मर्जी असेल तेव्हा उघडायचा. त्या सगळ्या मुक्या गर्दीतून संत्री घरघरत निघाली की दुकानदार मान वर करून बघायचे. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, अशा संसारात रंजनाताईंच्या स्वतःच्या नावावर झालेली पहिली वस्तू म्हणजे ही गाडी. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ती घेतली, डाव्या बाजूला एक जादा ब्रेक बसवून घेतला आणि दारावर पाटी लावली : 'रंजना मोटार ट्रेनिंग, फक्त महिलांसाठी'. परतवाड्यातल्या अर्ध्याअधिक बायका संत्रीवरच क्लच सोडायला शिकल्या. बोंडे मास्तर गेले, मुलगा ओजस नागपूरला गेला, गाडी शिकवायची शाळा बंद झाली, तरी संत्री दारात होती आणि रंजनाताई तिला डोळ्यात तेल घालून जपत होत्या. डोळ्यात घालून उरलेलं तेल इंजिनात घालत होत्या.

आणि नुसतं तेल घालून थांबतील तर त्या रंजनाताई कसल्या? दर सर्व्हिसिंगला चांगलं तेल पडलं, की वरून एक बाटली. कधी 'इंजिन अमृत', कधी 'पिस्टन टॉनिक', कधी 'शक्तिधारा'. भाजी घेताना जशी वरून कोथिंबीर घेतात, तसंच हे.

त्या वर्षी सरकारनं नियम काढला. पंचवीस वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या भंगारात जातील. मात्र ज्या गाडीचं इंजिन घाट-परीक्षेत उतरेल, तिला पाच वर्षं वाढवून मिळतील. परतवाड्यासाठी घाट म्हणजे अर्थातच चिखलदऱ्याचा. पायथ्यापासून वरपर्यंत गाडी चढवायची, आत परीक्षक बसणार, आणि इंजिनाला एक नवं यंत्र लावलेलं असणार. वर पोचेपर्यंत त्या यंत्राची तक्रार राहिली, तर गाडी परत खाली यायची ती क्रेनला लटकून.

ते यंत्र रंजनाताईंच्या सुनेनं बनवलं होतं.

शाल्मली रत्नागिरीची. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती घर्षणाचा अभ्यास करायची. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की काय होतं, हा तिचा विषय. रत्नागिरीला 'पुरे' म्हटलं की वाढणारा पळी मागे घेतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती परतवाड्यात जेवायला बसली, चार वेळा 'पुरे' म्हणाली, चार वेळा तिच्या पानात पुरणपोळी पडली, आणि ती दुपारभर ओवा चघळत आडवी झाली. तिला वाटलं, सासूबाई आपलं ऐकत नाहीत. सासूबाईंना वाटलं, पोरगी किती संस्कारी, चार चार वेळा पुरे म्हणते.

असं अकरा वर्षं चाललं होतं.

एका शनिवारी शाल्मली यंत्राची पेटी घेऊन आली आणि आल्याआल्या अंगणात उभी राहून म्हणाली, "आई, बॉनेट उघडा."

"आधी हातपाय धू, दोन घास खा. गाडी कुठं पळून जाऊन राहिली?"

"बसमध्ये खाल्लंय."

"बसमधलं खाणं म्हणजे खाणं होय का वं?"

दोन घासांचे वीस झाल्यावर बॉनेट उघडलं. शाल्मलीनं इंजिनाच्या अंगाला बाहेरून चार टिकल्या चिकटवल्या. खरंच कपाळावरच्या टिकलीएवढ्याच होत्या. तेल मोजायची पट्टी काढून तिच्या जागी तसलीच दुसरी पट्टी खोचली आणि साबणाच्या डबीएवढी एक पेटी स्टिअरिंगशेजारी बसवली.

"पोटातलं बाळ सोनोग्राफीत दिसतं ना, तीच युक्ती," ती म्हणाली. "टिकली आत बारीक आवाज सोडते. आपल्याला तो ऐकू येत नाही. दोन लोखंडांमधल्या तेलाच्या थरावर आपटून तो परत येतो, आणि थर किती जाड आहे ते कळतं. केसाहून कितीतरी बारीक थर असतो हा. तेवढ्यावर सगळी गाडी तरंगते. पट्टी सांगते तेल किती आहे आणि त्यात काय काय मिसळलंय."

"मी घातलेलं अमृत पण सांगते?"

"ते तर आधी सांगते."

रंजनाताईंनी पदर खोचला. "मंग सांग बरं, माह्या अमृतानं फायदा होते का नुकसान? खरं सांगजो."

शाल्मली चाकाला टेकून बसली. हा प्रश्न तिला गेली कित्येक वर्षं कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

"आई, डब्यातलं तेल नुसतं तेल नसतंच. ते वाढलेलं ताट असतं. करणाऱ्यांनी त्यात आधीच सगळं घातलेलं असतं. काजळी धुणारं, गंज अडवणारं, तापलं तरी तेल फार पातळ होऊ न देणारं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोखंडावर जाऊन बसणारं. घाटात इंजिन तापतं, थर झिरझिरीत होतो, लोखंडाला लोखंड टेकायला येतं. तेव्हा हे वर बसलेलं मार खातं आणि लोखंड वाचतं."

"मंग त्याले अजून सोबती दिले तर बिघडलं काय?"

"पंगतीत पाट किती असतात? मोजकेच ना? लोखंडावर बसायची जागाही मोजकीच. तुमच्या बाटलीतले पाहुणे चपळ. धावत येतात आणि पाट अडवतात. मूळचे मानकरी दारात ताटकळत उभे. मग घाट लागला, तापलं, की हे चपळ पाहुणे पहिले उठून पळतात. पाट रिकामे, मानकरी बाहेर, आणि लोखंडावर लोखंड."

रंजनाताईंना पंगतीत मानकरी उभा ठेवणं ही कल्पनाच सहन होईना. "म्हणजे सगळ्या बाटल्या वाईट?"

"सगळ्या नाहीत. बऱ्याचशा नुसत्याच येऊन जातात, कुणाचं काही बरंवाईट करत नाहीत. एखाद्या म्हाताऱ्या इंजिनाला एखादं औषध खरंच लागू पडतं. पण कुणाला काय हवंय हे कळायला मार्ग नव्हता. इंजिन बोलत नव्हतं."

"आता बोलते?"

"आता बोलेल. दोनच शब्द. काही हवं असेल तर 'वाढा', नको असेल तर 'पुरे'. बरं चाललं असेल तर गप्प." शाल्मली थोडी लाजली. "आवाज माझाच आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी प्रयोगशाळेत दुसरं कुणी आलंच नव्हतं."

तिनं संत्रीचं सगळं जुनं तेल काढून टाकलं, नवं घातलं, बाजारातून एक चक्कर मारून आणली. पेटी गप्प होती. परीक्षेला पंधरवडा होता. बसमध्ये चढताना ती पुन्हा म्हणाली, "आई, तिला काही घालू नका."

"नाई घालत," रंजनाताई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा तसाच इरादा होता.

पण परीक्षा जवळ आली तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. परीक्षेला निघालेल्या लेकराच्या हातावर दही-साखर ठेवतात. ओजसला त्यांनी एकाही पेपराला दह्याशिवाय पाठवलं नव्हतं, आणि ही एवढी आयुष्यभर राबलेली संत्री, ती उपाशी घाट चढणार? एका सकाळी त्यांना राहवेना. त्यांनी 'इंजिन अमृत'ची बाटली आणली, बॉनेट उघडलं आणि झाकण फिरवून धार धरली.

"पुरे," पेटी म्हणाली.

आवाज हुबेहूब शाल्मलीचा. तोच मऊपणा, तोच शेवटचा स्वर जरा खाली. रंजनाताईंना भरून आलं. जशी सून, तशी गाडी. किती संस्कारी.

"घे वं, लाजू नको," त्या म्हणाल्या आणि धार मोठी केली.

"पुरे."

"काय पुरे? किती वाळली पाह्य बरं."

"पुरे."

बाटली रिकामी झाली. तिसऱ्यांदा पुरे म्हटल्यावर पाहुणा हात आडवे धरतो, हे त्यांना माहीत होतं. पण संत्रीला हात नव्हते. त्यांनी घरातून कधीची पडून असलेली 'शक्तिधारा' आणली आणि तीही प्रेमानं घातली.

मग रंगीत तालीम म्हणून त्या घाटाकडे निघाल्या. धामणगाव गढीपर्यंत गाडी बरी चालली. पेटी अधूनमधून 'पुरे' म्हणत होती आणि रंजनाताई "झालं न आता, घातलं न" म्हणून तिची समजूत घालत होत्या. घाट लागला आणि थोड्याच वेळात इंजिनातून टकटक सुरू झाली. आधी दारावर कुणी बोट वाजवावं तशी, मग मुठीनं ठोकावं तशी. पुढच्या वळणापाशी संत्री खाकरली आणि थांबली.

खाली यायला मिळाला तो संत्र्यांचे कॅरेट वाहणारा बॅटरीचा ट्रॅक्टर. त्याच्या मागे दोराला बांधलेली संत्री भर बाजारातून आली आणि तिच्यावर शिकलेल्या बायका आपापल्या ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. रंजनाताई स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होत्या. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आता ही जाणार.

दुसऱ्या दिवशी शाल्मली आली. टिकल्या तपासल्या, पट्टी काढून बघितली, वास घेतला.

"आई, तिनं 'पुरे' म्हटलं नाही?"

"म्हटलं न. एकदा नाई, तीन-चारदा म्हटलं."

"मग?"

"मंग काय? तू बी म्हणतेच न."

शाल्मली पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते बाहीनं पुसलं.

"आई," ती म्हणाली, "मी जेव्हा जेव्हा पुरे म्हणायचे ना, तेव्हा खरंच पुरे असायचं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीपासून."

रंजनाताई ओट्यावर बसल्या. अकरा वर्षांच्या पुरणपोळ्या, साड्या, बसच्या खिडकीतून आत कोंबलेले डबे, नातवंडाबद्दलचे सल्ले, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या प्रत्येकावर हा आवाज 'पुरे' म्हणाला होता आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो कौतुकानं ऐकला होता.

"म्हणून तू नागपूरलेच राह्यली?"

"काम तिकडेच होतं." शाल्मलीनं हातातली पट्टी पुसली. "पण काम इथंही जमलं असतं. मला तुम्ही आवडता, आई. पण तुमच्या घरी मी कधी भूक लागेपर्यंत थांबूच शकले नाही."

हे रंजनाताईंच्या काळजाला लागलं. रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे जास्तच लागलं.

इंजिनाची दैना मात्र वाटली तेवढी नव्हती. शाल्मलीनं मेकॅनिककडून उघडून बघितलं. ओरखडे पडले होते, पण वरवरचे. सगळं तेल काढलं, आतून धुतलं, नवं भरलं. "आता रोज थोडी चालवायची, घाई न करता," ती म्हणाली. "तापलं आणि घासलं की मानकरी पुन्हा आपापल्या पाटावर बसतात. त्यांना फक्त वेळ द्यायचा. बाकी काही द्यायचं नाही."

त्या दिवशी दुपारी रंजनाताईंनी शाल्मलीच्या ताटात एक पोळी, वाटीभर वरण आणि थोडा भात वाढला आणि हात मांडीवर ठेवून समोर बसल्या. शाल्मलीचं ताट रिकामं झालं. सकाळपासून गाडीखाली झोपून काम केल्यानं तिला चांगलीच भूक लागली होती. तिनं पोळ्यांच्या डब्याकडे पाहिलं. रंजनाताईंनीही पाहिलं. त्यांचा हात दोनदा उठला आणि दोनदा परत मांडीवर बसला. अकरा वर्षांत शाल्मलीवर मागायची वेळच आली नव्हती, त्यामुळे मागतात कसं हे तिला येत नव्हतं. ती उठली, हात धुतले आणि मागच्या दारात उभी राहून पिशवीतली बिस्किटं खाल्ली.

संध्याकाळी दोघी पेटी मध्ये ठेवून बसल्या. आता शब्द बदलायला हवा होता, एवढं शाल्मलीला कळलं होतं. तिच्या यंत्रानं थराची जाडी बरोबर मोजली होती, मिसळलेलं बरोबर ओळखलं होतं, सांगितलंही बरोबर होतं. पण वऱ्हाडात 'पुरे' म्हणजे पुरे नव्हे, हे तिनं हिशेबात धरलं नव्हतं.

"आई, काय ऐकलं की तुम्ही वाढायचं थांबवता?"

रंजनाताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "'बस्स' म्हटलं तर नाई थांबत. 'शप्पथ पुरे' म्हटलं तर हसू येते."

"'पोट फुटेल' म्हटलं तर?"

"मंग ताक देतो आम्ही."

शाल्मलीनं कपाळाला हात लावला. "पण पंगत कधीतरी संपतेच ना? लग्नात? तेव्हा वाढपी का थांबतात?"

"तेव्हा तं मोठं माणूस म्हणते न, 'अन्नदाता सुखी भव.'" रंजनाताई बोलता बोलता थांबल्या. "ते म्हटल्यावर नाई वाढत कोणी. ते म्हटल्यावर वाढलं तं आशीर्वाद मोडते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शाल्मलीनं पेटी जवळ ओढली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

पुढे हे यंत्र राज्यभरातल्या गाड्यांत कायमचं बसलं तेव्हा शाल्मलीनं गावोगावच्या जेवणावळींची चौकशी करूनच त्याला बोलायला शिकवलं. रत्नागिरीच्या गाड्यांना अजूनही नुसतं 'पुरे' पुरतं. बाटल्यांची दुकानं हळूहळू ओस पडली. जी थोडी उरली, ती औषधाच्या दुकानासारखी, इंजिनानं मागितलं तरच देणारी. पण हे सगळं नंतरचं.

परीक्षेच्या सकाळी मोहोड नावाच्या परीक्षक बाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. पट्टा लावत म्हणाल्या, "माझी आई याच गाडीवर शिकली, ताई. आज मात्र मला ते आठवत नाहीये."

"नकोच आठवू," रंजनाताई म्हणाल्या. पुढे डावीकडे, जादा ब्रेकपाशी, शाल्मली बसली होती.

"नियम सांगते. वाटेत साधं तेल घालायला परवानगी आहे. पण पट्टीवरच्या खुणेपर्यंतच. खुणेच्या वर थेंबभर गेलं, तरी गाडी बाद."

धामणगाव गढी मागे पडलं. घाट सुरू झाला. मागच्या वेळी जिथं टकटक लागली होती ते वळण आलं आणि रंजनाताईंनी गिअर उतरवला. संत्री घरघरत वळली आणि वर निघाली. पेटी गप्प होती. त्यापुढच्या वळणावरही गप्प. सागाची झाडं मागे पडू लागली, हवा गार झाली, आणि शाल्मलीनं ब्रेकवर ठेवलेला पाय हळूच मागे घेतला.

तेवढ्यात पेटी बोलली.

"वाढा."

रंजनाताईंनी चटकन शेजारी बघितलं. "तू बोलली?"

"नाही आई. ती."

त्या आवाजात हा शब्द रंजनाताईंनी आजवर ऐकलाच नव्हता. अकरा वर्षांत एकदाही नाही. त्यांना एकदम मागच्या दारात उभी राहून बिस्किटं खाणारी सून आठवली. त्यांनी तिला पाहिलं होतं. वाटलं होतं, तिला आपल्या हातचं नकोसं झालं. आता वाटलं, पोरगी उपाशीच होती की.

"वाढा," आवाज पुन्हा म्हणाला.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शाल्मलीनं चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडून तेल खाली उतरेपर्यंत तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"कमी कसं पडलं?" शाल्मलीनं हळू विचारलं. "सकाळी निघताना खुणेपर्यंत भरायचं ठरलं होतं ना?"

"मीच खुणेच्या खाली थांबले." रंजनाताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "भेव वाटलं. जास्त झालं तर काय, म्हणून कमीच घातलं. तुले बी कमीच वाढलं त्या दिवशी. मले मधलं काही येतच नाई वं."

शाल्मलीनं डिकीतून साध्या तेलाचा डबा आणला आणि त्यांच्या हातात दिला. स्वतः ओतायला गेली नाही.

रंजनाताईंनी झाकण फिरवलं. धार बारीक पडू लागली. मोहोड बाई पुढे वाकून बघत होत्या. डब्यात तेल भरपूर होतं, इंजिनाचं तोंड उघडं होतं, आणि आयुष्यभराची सवय मनगटात बसलेली होती. डबा आपोआप कलत चालला होता.

"अन्नदाता सुखी भव," पेटी म्हणाली.

धार थांबली.

डबा अर्धा भरलेला तसाच हातात होता. रंजनाताईंनी तो सरळ केला, झाकण लावलं आणि घट्ट फिरवलं. मग दोन्ही हात जोडून इंजिनाला नमस्कार केला, कारण आशीर्वाद मिळाल्यावर नमस्कार करायचा असतो.

मोहोड बाईंनी पट्टी काढून पुसली, परत बुडवली, उन्हात धरली. तेल बरोबर खुणेवर होतं.

उरलेला घाट संत्री एका दमात चढली. चिखलदऱ्याला पोचेपर्यंत पेटीनं पुन्हा तोंड उघडलं नाही, तेव्हा मोहोड बाईंनी कागदावर सही केली आणि तो रंजनाताईंच्या हातात दिला. पाच वर्षं. "आता आठवलं मला," त्या म्हणाल्या. "आई सांगते, तुम्ही शिकवताना डावीकडून बायकांना लाडू द्यायचात. एका हाती स्टिअरिंग आणि एका हाती लाडू धरून ती गाडी शिकली."

तिघींनी वर कॉफी घेतली. रंजनाताईंनी मोहोड बाईंना भजी घ्या म्हणून एकदाच विचारलं. त्या नको म्हणाल्या, आणि भजी आली नाहीत. हे रंजनाताईंना फार जड गेलं, पण त्यांनी निभावलं.

घरी परतेपर्यंत दुपार टळली होती आणि दोघींना कडकडून भूक लागली होती. रंजनाताईंनी गोळाभात केला. शाल्मलीच्या ताटात गरम भात, त्यावर बेसनाचे गोळे कुस्करून, आणि वरून हिंग-मोहरीची चरचरती फोडणी. एक पळी घातली. पुन्हा पळी भरली आणि पुढे केली.

"पुरे," शाल्मली म्हणाली.

पळी हवेतच थांबली. त्यातलं तेल एका बाजूला कललं आणि परत स्थिर झालं. रंजनाताईंनी पळी तशीच धरून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांब. आधी सांग मले. खरं पुरे, का रीतीचं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शाल्मलीनं भाताकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, पोटाचा अंदाज घेतला.

"रीतीचं," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं. "वाढा."